पैशाची चिंता मिटली, आता गाव कोणते?

नोकरीची गरज उरली नाही, तेव्हा मुंबईत राहण्याचे कारणही उरले नाही, असा हिशेब चाळिशीच्या आतली काही जोडपी आज मांडू लागली आहेत. मग डोळ्यांसमोर येते कोकण. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि हे स्वप्न आवाक्यात आले.

दापोलीच घ्या. समुद्र जवळ, हवा चांगली, १९७२ पासून कृषी विद्यापीठ. पण गाडी दापोलीला जात नाही; खेडला उतरून पुढे रस्त्याने जावे लागते. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, तरीही जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही आणि मे महिन्यात कित्येक वाड्यांवर टँकर येतो.

पाच वर्षांच्या मुलाला अंगण पुरते. पंधराव्या वर्षी त्याला सवंगडी, ग्रंथालय आणि चांगला शिक्षक लागतो. आजी-आजोबांना अपरात्री डॉक्टर लागतो. पत्नीच्या कामाचे काय, हा प्रश्न तर पुष्कळदा विचारलाच जात नाही.

म्हणून शहरातले घर विकण्याआधी तिथे भाड्याने एक पावसाळा आणि एक मे महिना काढावा. एकाची सुटका हा घरातल्या दुसऱ्याचा वनवास ठरू नये.