थोरल्याची भाषा आणि धाकट्याचे कान

दोन मुलगे असलेल्या घरात भाषेचा कारभार आईबापांच्या हाती फार दिवस राहत नाही, ही गोष्ट गुलबर्ग्याच्या जुन्या मराठी कुटुंबांनी जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे. पहिल्या मुलाशी बोलायला घरातली मोठी माणसेच असतात: आई, बाप, आजी, असलीच तर एखादी आत्या. म्हणून तो चार वर्षांचा होईपर्यंत चांगली ठसठशीत मराठी बोलू लागतो. धाकट्याची गोष्ट निराळी. त्याच्याशी दिवसभर बोलणारा माणूस म्हणजे त्याचा भाऊ, आणि हा भाऊ तोपर्यंत शाळेत जाऊ लागलेला असतो. येताना तो शाळेतून इंग्रजी आणि गल्लीतून कानडी घेऊन येतो. धाकटा आईपेक्षा भावाचीच भाषा उचलतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या परभाषी कुटुंबांच्या अभ्यासांतही हेच आढळले आहे. पण त्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही, आमच्या ओसरीवर बसले तरी पुरे.

माझ्याकडे नऊ आणि पाच वर्षांचे असे दोघे आहेत. थोरला खेळतो कानडीत, अभ्यासाचे बोलतो इंग्रजीत आणि रुसतो मराठीत. धाकट्याला यांतले सगळे समजते, पण आजीने "दूध घेतोस का रे?" म्हणून विचारले की उत्तर येते, "मला ब्याड." हे 'ब्याड' घरात इतके रुळले आहे की परवा पोळी वाढताना खुद्द आजीनेही तेच म्हटले. आम्ही सगळे हसलो, आणि हसण्यासारखेच होते ते. काळजी या शब्दाची नाही. काळजी ही, की धाकटा मराठी ऐकतो आणि उत्तर दुसऱ्या भाषेत देतो. थोरला बोलतो, धाकट्याला नुसते समजते, आणि धाकट्याच्या मुलांना उद्या समजणारही नाही. घरातून भाषा जाते ती अशी, आणि त्यात कोणाचे भांडण होत नाही, कोणी वाईटही असत नाही.

पुष्कळांना वाटते, हे संकट १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी होऊन आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तेव्हापासूनचे. मला ते पटत नाही. आपली घरे एका भाषेत कधी नांदलीच नव्हती. निजामी अमलात कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचेही माध्यम उर्दू. घरी मराठी, बाजारात कानडी आणि कचेरीत उर्दू ही वाटणी आपल्या पणजोबांनी बिनतक्रार सांभाळली. १९०७ साली गुलबर्ग्यात नूतन विद्यालय निघाले, त्याच साली हैदराबादेत विवेकवर्धिनी निघाली, आणि घरच्या भाषेला घराबाहेरही थोडी जागा मिळाली. त्या पिढीला दोन भाषांमध्ये उभे राहण्याचे भय नव्हते. स्वामी रामानंद तीर्थांचा जन्म विजापूर जिल्ह्यातला, मास्तरकी मराठवाड्यातली. १९५२ साली ते लोकसभेवर निवडून गेले गुलबर्ग्यातून आणि १९५७ साली औरंगाबादेतून. त्यांना कोणत्या भाषेचे म्हणावे, हा प्रश्न निदान मतदारांना तरी पडला नाही.

१९५६ सालच्या ज्या सातव्या घटनादुरुस्तीने प्रांतांची नवी मांडणी झाली, तिनेच घटनेत ३५०अ हे कलमही घातले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. कलम उत्तम आहे. परंतु शाळा कलमावर चालत नाही, ती पटावर चालते. आणि इंग्रजी शाळेची ओढ आज कानडी घरांनाही आपल्याइतकीच आहे. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकात कानडी ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकणे सक्तीचे केले, आणि २०१७-१८ पासून पहिलीच्या वर्गापासून ते अमलात येऊ लागले. यावर आपल्यातले काही जण नाक मुरडतात. मी तर म्हणेन, मुलांनी गल्लीतल्या कानडीवर न थांबता पुस्तकातली कानडीही नीट शिकावी. या मुलांना राहायचे इथेच आहे. शहराचे नाव २०१४ साली कलबुर्गी झाले. आपल्या जिभेवर गुलबर्गा राहिले म्हणून त्यांच्या जिभेवर ते राहिलेच पाहिजे असे नाही.

शिवाय कानडीला परकी मानणाऱ्याने आधी आपल्या स्वयंपाकघरात डोकावावे. आपण 'तूप' म्हणतो ते कानडी 'तुप्प'. अडकित्ता आणि खलबत्ताही तिकडूनच आले, आणि अण्णा, अक्का ही हाकही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला शेतात जाऊन भज्जी आणि आंबील खाण्याचा जो सण लातूर-उस्मानाबादेपासून बिदर-गुलबर्ग्यापर्यंत होतो, त्याला तिकडे 'वेळ अमावास्या' म्हणतात. मूळ शब्द 'एळ्ळ अमावास्ये', म्हणजे तिळाची अमावास्या. मराठी माणसाने ऐकला तसा घेतला आणि त्याची वेळ करून टाकली. शब्द असे येत-जात राहिले तरी दोन्ही भाषा शाबूत राहिल्या, कारण दोन्ही बोलणारी तोंडे घरात होती.

तेव्हा प्रश्न तोंडांचा आहे, आणि आमच्या घरी मोक्याचे तोंड थोरल्याचे. बापाने धाकट्याला "मराठीत बोल" म्हणून दटावले तर तो गप्प बसतो. गप्प बसलेल्या मुलाची कोणतीच भाषा सुधारत नाही. जेवताना प्रत्येक चुकीचा शब्द दुरुस्त करणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. त्यांची मुले आता भराभर जेवून उठतात. त्यापेक्षा थोरल्याने धाकट्याला रोज एक गोष्ट मराठीत वाचून दाखवावी, एवढाच नेम आम्ही धरला आहे. भावाने वाचलेले धाकट्याला खरे वाटते. आईने वाचलेल्यात त्याला उपदेशाचा वास येतो.

वाचनाची गंमत अशी, की थोरला देवनागरी शिकला तो हिंदीमुळे. त्यामुळे 'चाक' मधला च तो 'चिमणी' तल्या चसारखा म्हणतो, आणि 'झाड' हिंदी धाटणीने उच्चारतो. उलट, ळ आणि ण यांवर पुण्याकडची काही मुले अडखळतात, तिथे आमचा गडी अगदी सफाईने जातो. ती देणगी कानडीची. च आणि झ आजी सांभाळून घेते. चांदोबा आता निघत नाही. पण बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून चालू आहे, आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर फुकट वाचायला मिळतात. त्यामुळे पुस्तक कुठून आणायचे, ही सबब उरली नाही.

मुलांना आपली भाषा घरापलीकडेही आहे हे दिसावे लागते, आणि त्यासाठी आपल्याला लांब जायला नको. गाणगापूर जिल्ह्यातच आहे. भीमा-अमरजेच्या संगमावर महाराष्ट्रातून आलेली माणसे रोज दिसतात, आणि तिथला व्यवहार बराचसा कानडीत चालतो. मागच्या पौर्णिमेला कोल्हापूरकडच्या एका म्हाताऱ्या जोडप्याला स्टेशनावर जाणारी बस सापडेना. थोरल्याने कंडक्टरला कानडीत विचारले, त्यांना मराठीत सांगितले, आणि पिशवी घेऊन त्यांना गाडीत बसवून आला. आजोबांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला. धाकटा हे सारे डोळे विस्फारून पाहत होता. परतीच्या वाटेवर, बहुधा पेढ्याचा हिशेब मनात धरून, तो माझ्याशी सबंध रस्ताभर मराठी बोलला.

सध्या उन्हाळा आहे. दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो आणि मुलांना बाहेर सोडता येत नाही. दोघे शहाबादी फरशीवर पालथे पडून 'किशोर' वाचतात, म्हणजे एक वाचतो आणि दुसरा पाय हलवीत ऐकतो. थोरल्याने एका गोष्टीला आंब्याची एक फोड असा दर लावून घेतला आहे. धाकट्याचे म्हणणे, ऐकण्याचीही अर्धी फोड मिळाली पाहिजे. आजीने ते मान्य केले आहे, मात्र एका अटीवर: मागणी मराठीत आली पाहिजे.