कपडे भडक, गाणी रडकी : जपानच्या 'ग्यारू' पोरी आणि आपल्याकडची 'छपरी' पोरं सेमच आहेत का?

उसाचा सीझन सुरू झाला की अहिल्यानगर-पाथर्डी रस्त्यावर तिसगावला पाच मिनिटं थांबून बघा. डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर आधी ऐकू येतो, मग दिसतो. टेपवर कुमार सानू. चालवणारा पोरगा विशी-बाविशीचा, केसांना सोनेरी रंग, हातात कडं. गाणं मात्र तो जन्मायच्या दहा-बारा वर्षं आधीचं आणि तेही विरहाचं.

हाच पोरगा त्याच गाण्यावर रील टाकतो. खाली कमेंट ठरलेली असते, 'छपरी'.

कपडे इतके भडक आणि गाणी इतकी हळवी, हे कसं काय? याचं उत्तर शोधायला आधी जपानला जावं लागतंय. कारण हा सगळा प्रकार तिथं आपल्याआधी घडून गेलाय.

ग्यारू म्हणजे कोण?

इंग्रजी 'गर्ल'चा बोलीतला उच्चार 'गॅल', त्याचं जपानी रूप 'ग्यारू'. नव्वदच्या दशकात टोकियोच्या शिबुया भागात, '१०९' नावाच्या मॉलच्या आसपास या पोरी दिसायला लागल्या. सोनेरी केस, आखूड स्कर्ट, उंच टाचांचे बूट. जपानमध्ये गोरी कातडी म्हणजे सौंदर्य आणि मुलगी म्हणजे मवाळ, हे ठरलेलं. या पोरींनी कातडी मुद्दाम रापवून घेतली आणि त्या रस्त्यावर मोठमोठ्यानं हसायला लागल्या.

मग टीका आलीच. या फॅशनच्या सगळ्यात टोकाच्या प्रकाराला 'यामान्बा' असं नाव पडलं. जपानी लोककथेत यामान्बा म्हणजे डोंगरात राहणारी हडळ.

आता गंमत बघा. इतक्या बंडखोर दिसणाऱ्या पोरी ऐकत काय होत्या? प्रेमगीतं. त्यांची पहिली लाडकी गायिका नामिए आमुरो. तिच्यासारखं दिसणाऱ्या पोरींना 'आमुरा' म्हणायचे. तिचं १९९७ चं 'कॅन यू सेलिब्रेट?' हे गाणं लग्नाचं गाणं म्हणून गाजलं आणि त्याच्या वीस लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्या. नंतर अयुमी हामासाकी आली. २००८ मध्ये काना निशिनो आली, तीही टोकियोची नव्हे, तर मिए प्रांतातल्या मात्सुसाका या छोट्या शहरातली.

निशिनोची गाणी साधी होती. तो भेटत नाही, मेसेजला उत्तर येत नाही, झोप लागत नाही. पोरी ती मोबाइलवर डाउनलोड करायच्या. २०१० मध्ये भेटीच्या ओढीनं थरथर कापणाऱ्या मुलीचं तिचं गाणं आलं आणि अख्ख्या जपाननं त्या थरथरण्यावर जोक केले. पुढं २०१६ मध्ये त्याच निशिनोला जपान रेकॉर्ड अवॉर्ड मिळाला.

आपल्याकडं काय झालं?

आपल्याकडं केस आणि गाणं हे जोडीनंच आलं.

१९९० ला 'आशिकी' आला. टी-सीरिजच्या स्वस्त कॅसेटवरून त्याची गाणी एसटी स्टँडवरच्या टपरीपर्यंत पोचली. कुमार सानूला १९९१ ते १९९५ असे सलग पाच वर्षं फिल्मफेअर मिळाले आणि पोरांनी राहुल रॉयसारखे केस वाढवले. २००३ ला 'तेरे नाम' आला. मधोमध भांग पाडून केस कपाळावर सोडलेली पोरं गावोगाव दिसायला लागली. मास्तरांनी छड्या मारल्या, घरच्यांनी न्हाव्याकडं ओढत नेलं, पण पोरं हटली नाहीत.

मग आलं टिकटॉक. त्यानं पहिल्यांदा गावातल्या पोराला कॅमेरा आणि जुनं गाणं एकत्र दिलं. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉकही गेलं. त्याच्या महिनाभर आधीच युट्यूबवर टिकटॉकवाल्यांची टर उडवणारे व्हिडिओ तुफान चालले होते. पोरं इन्स्टाग्रामवर आली आणि 'छपरी' हा शब्दही त्यांच्या मागोमाग आला.

मराठीत छपरी म्हणजे घराला लागून काढलेलं छोटं छप्पर. ही शिवी छप्परबंद समाजाच्या नावाशीही जोडली जाते. हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. म्हणजे आपण हसतो ते फक्त केसांच्या रंगावर नाही, तर ज्याचं घर पक्कं नाही त्याच्यावर.

मग गाणी रडकीच का?

मला वाटतं, याचं कारण कपड्यांतच आहे. भडक कपडे म्हणजे 'माझ्याकडं बघा' असं सांगणं. ज्याच्याकडं एरवी कुणी बघत नाही, त्यालाच ते सांगावं लागतं. पण बघणारे आले की 'मला त्रास होतोय' हे चारचौघांत बोलायची सोय नसते. ते काम गाणं करतं. पाथर्डी हा ऊसतोड मजुरांचा तालुका. सहा-सहा महिने घर सोडून कोपीत राहणाऱ्या माणसाला विरहाचं गाणं जवळचं वाटलं, तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

एक फरक मात्र आहे. जपानमध्ये हा प्रकार पोरींचा होता. आपल्याकडं चौकात फक्त पोरं दिसतात. तीच गाणी पोरीही ऐकतात, पण इयरफोन लावून. लॉक केलेल्या अकाउंटवर.

आणि आपल्याकडं गाण्यावरून माणसाची जागाही ठरवली जाते. मे २०१५ मध्ये याच जिल्ह्यात, शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन वाजली आणि त्यावरून वाद सुरू झाला, अशी तक्रार होती. ते प्रेमगीत नव्हतं. पण कुणी काय मोठ्यानं ऐकायचं, हे दुसऱ्यानं ठरवायची सवय तीच आहे.

खरा मुद्दा पुढं आहे

जपानमध्ये आता 'हेइसेइ रेट्रो'ची फॅशन आहे. हेइसेइ म्हणजे १९८९ ते २०१९ चा काळ. एकेकाळी हडळ ठरवलेल्या पोरींचे कपडे आता नव्या पोरी हौसेनं घालतात. ग्यारूंचं मासिक 'एग' २०१४ ला बंद पडलं होतं, ते २०१८ मध्ये इंटरनेटवर परत सुरू झालं. २०१९ पासून सुट्टीवर गेलेली निशिनोही २०२४ मध्ये परतली.

आपल्याकडंही तेच चाललंय. २०१५ च्या 'दम लगा के हैशा'मध्ये हिरो कॅसेटच्या दुकानात बसून कुमार सानूची पूजा करतो, आणि मल्टिप्लेक्सला ते गोड वाटलं. नव्वदची गाणी आता 'स्लोड अँड रिव्हर्ब' होऊन शहरातल्या हेडफोनमध्ये वाजतात. कॅफेत लागली की त्याला नॉस्टॅल्जिया म्हणतात. ट्रॅक्टरवर लागली की छपरीपणा.

जुलै २०२५ मध्ये 'सैयारा' बघून थिएटरमध्ये रडणाऱ्या पोरांचे व्हिडिओ व्हायरल झाले, तेव्हाही लोक आधी हसले. अजून वीस वर्षांनी त्याच गाण्यांवर रेट्रो नाईट झाली, तर आश्चर्य वाटायला नको.

म्हणजे गाणं तेच राहतं, फक्त ऐकणारा बदलला की त्याची इज्जत वाढते. ज्यांनी ते गाणं तीस वर्षं टेपवर, मेमरी कार्डवर, रिंगटोनमध्ये जिवंत ठेवलं, त्यांच्या वाट्याला मात्र शिवीच येते.

तेव्हा पुढच्या वेळी सोनेरी केसांच्या पोराचं रील समोर आलं, तर कमेंट टाकायच्या आधी आवाज वाढवून बघा. गाणं बहुतेक तुमच्याही प्लेलिस्टमधलंच निघेल.