दोन कार्डांची परीक्षा



उत्तरपत्रिका तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्यापुढे संगणकाची कार्डे तपासणीस येतील, असे पूर्वी कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. परंतु गेल्या सुट्टीत माझा भाचा एक कागद घेऊन घरी आला. लष्करातील सेवा आटोपून तो आता त्रिमित चित्ररचनेचा अभ्यासक्रम करीत आहे. त्या कामासाठी संगणकात चांगले ग्राफिक्स कार्ड हवे, आणि त्याच्या आईने साठवलेली रक्कम एकाच खरेदीस पुरेल एवढी. कागदावर दोन नावे होती : एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ३०६० आणि त्याच कंपनीचे आरटीएक्स ४०६०. पहिले वापरलेले मिळत होते, दुसरे कोरे. "मामा, नवे ते चांगलेच असणार. यात पाहायचे काय?" असे तो म्हणाला. पाहण्यासारखे पुष्कळ होते. आणि हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी पडत असल्यामुळे ते येथे मांडीत आहे.

पडद्यावरील चित्र लक्षावधी ठिपक्यांचे असते. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरविण्याचे गणित हजारो लहान गणकांकडून एकाच वेळी करवून घेणे, हे या कार्डाचे काम. ३०६० हे कार्ड २०२१ च्या फेब्रुवारीत आले, तेव्हा त्याची जाहीर किंमत ३२९ डॉलर होती. ४०६० आले ते २०२३ च्या जूनअखेरीस, २९९ डॉलरना. जुन्यात गणक ३५८४ आणि नव्यात ३०७२ आहेत हे पाहून भाचा चपापला. परंतु जुन्याचे गणक सेकंदाला फार तर सुमारे १७८ कोटी ठोक्यांनी चालतात, तर नव्याचे २४६ कोटींनी. शिवाय जुन्याची वीजमर्यादा १७० वॉट, तर नव्याची अवघी ११५. रोज चार तास पूर्ण भाराने काम केले, तर वर्षाला सुमारे ८० युनिट वीज वाचेल. युनिटला साठ अगोरोत धरले तरी बचत पन्नास शेकेलांच्या आतबाहेर. ती नाकारू नये. पण तिच्यावर खरेदीही ठरवू नये.

आता वेगाकडे वळू. सामान्य आकाराच्या पडद्यावर, म्हणजे ज्यास १०८० म्हणतात त्यावर, खेळांच्या चाचण्यांत नवे कार्ड जुन्याच्या सुमारे वीस टक्के पुढे राहते, असे खुद्द कंपनीनेच म्हटले होते. आणि ते पुष्कळसे खरे आहे. मात्र ही सरासरी आहे, आणि सरासरी कशी फसविते हे शिक्षकाइतके कोणास ठाऊक असणार? वर्गाची सरासरी साठ गुण आली, तरी मागच्या बाकावरील चार मुले नापास झालेली असू शकतात. कार्डाचेही तसेच. सेकंदाला साठ चित्रे उमटत असतील, तर प्रत्येक चित्रास सुमारे १७ सहस्रांश सेकंद मिळतो. त्यांतील एखादे चित्र शंभर सहस्रांश सेकंद अडले, तर सरासरी फारशी ढळत नाही. डोळ्यांस मात्र हिसका बसतो. म्हणून जाणते परीक्षक सर्वांत संथ अशा एक टक्का चित्रांचा वेग निराळा देतात. कोणतीही तुलना वाचताना तो आकडा आधी शोधावा.

हे हिसके येतात कोठून? बहुधा मेमरी अपुरी पडल्यामुळे. आणि येथेच दोन्ही कार्डांचे खरे अंतर आहे. जुन्यात १२ जीबी मेमरी आहे, नव्यात ८. कारण साधे आहे. मेमरीची प्रत्येक चकती ३२ बिटांच्या वाटेने जोडली जाते. जुन्याची वाट १९२ बिटांची, म्हणून तेथे सहा चकत्या बसतात. नव्याची १२८ बिटांची, म्हणून चारच. चकती दोन जीबीची धरली की हिशेब जुळतो. या अरुंद वाटेची भरपाई म्हणून नव्याच्या मुख्य तुकड्यातच २४ एमबीचा जवळचा साठा दिला आहे, जुन्यात तो अवघा ३ एमबी होता. ही युक्ती चांगली आहे. परंतु तिने वेग वाढतो, जागा वाढत नाही.

आपल्या पूर्वजांच्या तेलघाण्याचेच पाहा. घाणा कितीही वेगाने फिरला, तरी हाताशी तीळ ठेवण्याची पाटी लहान असेल तर पुन्हा पुन्हा कोठारापर्यंत फेरी मारावी लागते. कार्डाचे कोठार म्हणजे संगणकाची मुख्य मेमरी. तेथे जाण्यास ३०६० ला सोळा मार्गिका आहेत आणि ४०६० ला आठच. जुन्या पिढीच्या मदरबोर्डवर त्या आठ मार्गिकांचा वेगही निम्मा होतो. २०२३ साली 'हॉगवर्ट्स लेगसी' आणि 'द लास्ट ऑफ अस'चा पहिला भाग हे खेळ संगणकावर आले, तेव्हा ८ जीबीची अनेक कार्डे उच्च दर्जाच्या चित्रपृष्ठांपुढे अशीच अडखळली.

कंपनीच्या जाहिरातीत नव्या कार्डाचे स्तंभ याहून कितीतरी उंच दिसतात. त्यांत दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये अंदाजाने रचलेले तिसरे चित्र मोजलेले असते. ही सोय ३०६० वर नाही. तिच्यामुळे हालचाल मऊ दिसते, हे मान्य. पण हाताची कळ दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ तिने घटत नाही. भाच्याच्या कामात, म्हणजे ब्लेंडरमध्ये अंतिम चित्र तयार करताना, तिचा उपयोग शून्य. तेथे दृश्य ८ जीबीत मावले तर ४०६० निश्चित आधी काम संपविते. मावले नाही, तर तिची सारी चपळाई फुकट. मी त्याला आपले सत्राचे दृश्य उघडून मेमरीचा आकडा पाहावयास सांगितले. तो दहाच्या वर होता. मग वादास जागा उरली नाही.

खरेदीपूर्वी एक सापळा मात्र सांगितलाच पाहिजे. २०२२ च्या अखेरीस याच ३०६० नावाने ८ जीबीचेही कार्ड निघाले, १२८ बिटांच्या वाटेचे आणि स्पष्टपणे मंद. नाव तेच, माल निराळा! मला तर हा प्रकार सरळ व्यवहाराचा वाटत नाही. खोक्यावरचे नाव नव्हे, मेमरीचा आकडा वाचावा. दुसरे असे की, २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमचे 'खाणकाम' बंद पडल्यावर त्या धंद्यात रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात उतरली. ३०६० मध्ये कंपनीने त्यास आडकाठी घातली होती. परंतु पुढच्याच महिन्यात तिच्याच एका चाचणी-सॉफ्टवेअरमधून ती चुकून सुटली. तेव्हा विचारून, चालवून घ्यावे. २०२५ च्या मे महिन्यात आलेल्या ५०६० मध्येही मेमरी आठच जीबी आहे, हेही भाच्याला सांगून ठेवले.

तो आपले दृश्य घेऊनच विकणाऱ्याच्या घरी गेला आणि अर्धा तास कार्ड पूर्ण भाराने चालविले. खोक्यावर १२ जीबी, संगणकातही १२. एक पंखा किंचित घरघरत होता, म्हणून किंमत थोडी उतरली. कार्ड आता त्याच्या टेबलाखाली आहे, आणि त्याची आई म्हणते की घरघर शेजारच्या खोलीत ऐकू येते.