मान्यतेचें मोल

राष्ट्रें रणांगणावर जन्मास येतात, असें आपण इतिहासाच्या पुस्तकांत वाचतों. तें खोटें नाहीं. परंतु तें अर्धेंच खरें आहे. एखादें मूल शाळेंत येऊन बाकावर बसलें, एवढ्यानें तें त्या शाळेचें होत नाहीं. त्याचें नांव हजेरीपटावर चढावें लागतें, आणि तें चढेपर्यंत त्यास परीक्षेला बसतां येत नाहीं, कीं त्याची तक्रारही कोणी नोंदवून घेत नाहीं. नव्या राष्ट्राची स्थिति अशीच असते. त्यास भूमि असते, प्रजा असते, सरकार असतें. पण इतर राष्ट्रें त्याला आपल्यांतलें एक म्हणून ओळखीत नाहींत, तोंवर जगाच्या सभेंत त्याला दुसऱ्याच्या तोंडानेंच बोलावें लागतें.

आजच्या जगाचा हजेरीपट म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभासदांची यादी. तींत नांव यावें म्हणून जी खटपट, जी मनधरणी, जी शिष्टाई करावी लागते, तिच्याविषयीं आमच्या तरुण मित्रांत दोन टोकांचीं मतें आढळतात. कांहींना ती निव्वळ वशिलेबाजी वाटते. कांहींना वाटतें कीं, न्यायाची बाजू असल्यावर शिष्टाई हवी कशाला? सत्य आपोआप मान्य होईल. आम्हांस हीं दोन्ही मतें चुकीचीं वाटतात. परंतु याहून गंभीर असा एक तिसरा प्रश्न आहे, तो असा: मान्यतेसाठीं एखाद्या राष्ट्रानें किती मोल द्यावें, आणि तें मोल मागण्याचा अधिकार कोणास आहे? या प्रश्नाचा विचार आपल्या शेजारच्या बांगलादेशाच्या उदाहरणावरून करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम नियम काय आहे तें पाहूं. संघाच्या सनदेचें चवथें कलम सांगतें कीं, जें राष्ट्र शांतताप्रिय आहे, सनदेंतील कर्तव्यें पत्करतें, आणि तीं पार पाडण्यास समर्थ व राजी आहे, त्यास सभासद होतां येईल. हें ऐकावयास किती सरळ! परंतु त्याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो कीं, सुरक्षा मंडळानें शिफारस केली पाहिजे व नंतर आमसभेनें ठराव केला पाहिजे. मंडळांत पंधरा राष्ट्रें. त्यांपैकीं नवांचीं अनुकूल मतें हवींत, आणि पांच बड्या राष्ट्रांपैकीं एकाचाही नकार असतां कामा नये. म्हणजे चौदा जणांनीं दार उघडलें तरी पंधरावा तें लावून घेऊं शकतो. हा नकाराधिकार सभासदत्वाच्या सौद्यासाठीं वापरला जाऊं लागल्यावर हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें १९४८ सालीं अभिप्राय दिला कीं, चवथ्या कलमांत ज्या अटी नाहींत त्या घालून कोणाही सभासदानें आपलें अनुकूल मत अडवून ठेवणें सनदेस धरून नाहीं. हा अभिप्राय वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील हकीकतीचा न्याय त्याच्यावरच करावयाचा आहे.

२५ मार्च १९७१ च्या रात्रीं ढाक्यांत पाकिस्तानी सैन्याचा कहर सुरू झाला. ढाका विद्यापीठाचे कुलगुरू न्यायमूर्ति अबू सईद चौधरी हे त्या सुमारास मानवी हक्क आयोगाच्या बैठकीच्या निमित्तानें जिनीव्हा येथें होते. ते मायदेशीं परतले नाहींत. लंडनला जाऊन त्यांनीं आपल्या लोकांची बाजू मांडण्याचें काम हातीं घेतलें. १७ एप्रिल रोजीं मेहेरपूरजवळच्या एका आंबराईंत हंगामी सरकारचा शपथविधि झाला, आणि त्या सरकारचें शिष्टमंडळ चौधरींच्या नेतृत्वाखालीं त्याच वर्षीं न्यूयॉर्कला गेलें. सभागृहांत त्यांना बसावयास खुर्ची नव्हती. ते बाहेरच्या ओवऱ्यांत, उपाहारगृहांत, निरनिराळ्या वकिलातींच्या कचेऱ्यांत प्रतिनिधींना गांठीत, आणि ऐकून घ्या अशी विनंति करीत. डिसेंबरांत युद्ध पेटल्यावर बांगलादेशाच्या प्रतिनिधींस सुरक्षा मंडळापुढें बोलूं द्यावें, असा आग्रह सोव्हिएट रशियानें धरला. पण तो मान्य झाला नाहीं. ज्यांच्या जीवितावर चर्चा चालली होती, त्यांनाच त्या चर्चेंत तोंड उघडण्याची मुभा नव्हती! ७ डिसेंबर रोजीं आमसभेनें युद्धबंदी व सैन्य माघारीचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनीं मंजूर केला. जगाचा कौल त्या दिवशीं अखंड पाकिस्तानच्या बाजूचा होता. सुरक्षा मंडळांतील तशाच अर्थाचे ठराव त्या महिन्यांत रशियानें तीन वेळां आपल्या नकारानें अडविले, हेंही येथें सांगितलें पाहिजे. नकाराधिकार हें शस्त्र कसें दुधारी आहे, तें पुढें दिसेलच.

१६ डिसेंबरला शरणागति झाली आणि राष्ट्र जन्मास आलें. भारत व भूतान यांनीं त्यास ६ डिसेंबरलाच मान्यता दिली होती. आतां खरें काम सुरू झालें. भारतीय सैन्य बांगलादेशांत आहे तोंवर तें स्वतंत्र राष्ट्र कसलें, असा विरोधकांचा मुद्दा होता. मार्च १९७२ च्या मध्यापर्यंत आपलें सैन्य परतलें आणि तो मुद्दा निकालांत निघाला. एप्रिलांत बांगलादेश राष्ट्रकुलांत आला. मे महिन्यांत जागतिक आरोग्य संघटना, जूनमध्यें आंतरराष्ट्रीय मजूर संघटना, ऑगस्टांत आंतरराष्ट्रीय नाणेनिधि, ऑक्टोबरांत युनेस्को, असें एकेक दार उघडत गेलें. या संस्थांत नकाराधिकार नाहीं. तेथें मतें मोजलीं जातात. आणि मतें मिळवावयाचीं तर प्रत्येक देशाच्या दारीं जावें लागतें. त्याला काय हवें आहे, कशाची भीति वाटते, कोणाचा दबाव आहे, हें समजून घ्यावें लागतें. मोठा वाडा पुढच्या दारानें उघडत नसला म्हणजे शहाणा माणूस एकेक खिडकी ठोठावतो. या खटपटीस वशिलेबाजी म्हणणें म्हणजे शेतकऱ्यानें बांधबंदिस्ती केली म्हणून त्याला लबाड म्हणण्यासारखें आहे.

पण पुढचें दार बंदच होतें. २५ ऑगस्ट १९७२ रोजीं बांगलादेशाचा अर्ज सुरक्षा मंडळापुढें मतास आला. भारत त्या वेळीं मंडळाचा सभासद होता, आणि ठराव मांडणाऱ्यांत ब्रिटन, रशिया व युगोस्लाव्हिया यांच्याबरोबर आपलाही हात होता. ११ मतें अनुकूल पडलीं, तीन राष्ट्रें तटस्थ राहिलीं, आणि चीननें नकार दिला. साम्यवादी चीनचा तो पहिलाच नकाराधिकार! ज्या चीनला स्वतःला बावीस वर्षें संघाच्या बाहेर ताटकळत ठेवण्यांत आलें होतें, आणि ज्याला ऑक्टोबर १९७१ मध्यें कोठें आंत घेण्यांत आलें, त्यानें आंत आल्यावर दहा महिन्यांतच दाराचा अडसर दुसऱ्यावर चालवावा, यासारखा दैवदुर्विलास कोणता? सासुरवास सोसलेली सून सासू झाल्यावर काय करते, तें आपल्या ओव्या सांगतात. राष्ट्रांचा स्वभाव त्याहून वेगळा दिसत नाहीं.

तथापि प्रतिपक्षाचें म्हणणेंही नीट ऐकिलें पाहिजे. सुमारें ९३,००० पाकिस्तानी युद्धकैदी व इतर बंदी भारतांतील छावण्यांत होते. लढाई थांबल्यावर कैदी विनाविलंब सोडावे, असा जिनीव्हा कराराचा दंडक आहे. चीन म्हणे, आधीं कैदी सोडा, मग सभासदत्वाचें बोला. कैद्यांच्या सुटकेच्या मागणींत न्याय नव्हता, असें आम्ही म्हणणार नाहीं. एखाद्या शिपायाच्या आईनें दोन वर्षें वाट पाहावी, हें कोणत्याही बाजूस शोभणारें नव्हतें, आणि त्याचा बराचसा भार आपल्या देशावरही येतो. परंतु कैद्यांचा प्रश्न वेगळा व सभासदत्वाचा वेगळा. एकाचा दोरा दुसऱ्यास बांधणें म्हणजे १९४८ च्या त्या अभिप्रायास पायदळीं तुडविणें होय. नोव्हेंबर १९७२ मध्यें आमसभेनें बांगलादेशास लवकर सभासद करून घेण्याची इच्छा प्रकट केली, आणि त्याच दिवशीं कैद्यांच्या परतीचाही पुरस्कार केला. दोरा अधिकच घट्ट झाला.

या कैद्यांपैकीं १९५ जणांवर घोर अपराधांचे आरोप होते. त्यांची चौकशी ढाक्यांत व्हावी, ही बांगलादेशाच्या घराघरांतील मागणी होती. त्यासाठीं १९७३ च्या जुलैंत तेथील संसदेनें कायदाही केला. ऑगस्टांत दिल्लीस करार झाला व सप्टेंबरपासून इतर कैदी परतूं लागले. हे १९५ तेवढे राहिले. आतां सौद्याचें स्वरूप उघड झालें. पाकिस्तानची मान्यता हवी, तर या खटल्यांचें काय? पाकिस्तानची मान्यता नाहीं, तर चीनचा नकार कायम. चीनचा नकार कायम, तर राष्ट्रसंघ नाहीं.

शिष्टाई याही काळांत थांबली नाहीं. सप्टेंबर १९७३ मध्यें शेख मुजीबूर रहमान अल्जीअर्स येथील अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेस गेले आणि अरब व आफ्रिकी पुढाऱ्यांस भेटले. ऑक्टोबरांत अरब-इस्रायल युद्ध झालें, तेव्हां स्वतःच्याच जखमा भरून न आलेल्या या देशानें इजिप्तला चहा व सीरियास वैद्यकीय पथक पाठविलें. फेब्रुवारी १९७४ मध्यें लाहोरास इस्लामी राष्ट्रांची परिषद भरली. पाकिस्ताननें मान्यता दिल्याखेरीज आपण येणार नाहीं, असें मुजीबांनीं कळविलें. मुस्लिम राष्ट्रांच्या मंत्र्यांचें शिष्टमंडळ ढाक्यास येऊन मध्यस्थी करूं लागलें. २२ फेब्रुवारीस भुत्तो यांनीं मान्यता जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशीं मुजीब लाहोरास पोंचले. ९ एप्रिल रोजीं दिल्लींत भारत, पाकिस्तान व बांगलादेश यांचा त्रिपक्षीय करार झाला. जे कांहीं अपराध घडले असतील त्यांचा पाकिस्ताननें निषेध केला व खेद दर्शविला. बांगलादेशानें क्षमाभावानें ते खटले सोडून दिले. १० जूनला सुरक्षा मंडळानें शिफारस केली. या खेपेस चीननें हात आंवरला. १७ सप्टेंबर १९७४ रोजीं बांगलादेश सभासद झाला, आणि २५ तारखेस मुजीबांनीं आमसभेपुढें बंगाली भाषेंत भाषण केलें.

तें भाषण झालें तेव्हां मायदेशीं दुष्काळानें माणसें मरत होतीं. सभासदत्वानें तांदूळ येत नाहीं, हें त्या देशाला फार लवकर कळलें. मग हें मोल देऊन त्यानें काय मिळविलें?

आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. मुजीबांना दोष देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. हजारों बंगाली माणसें पाकिस्तानांत अडकून पडलीं होतीं, खजिना रिता होता, आणि जगाचें दार लोटण्यास दुसरा मार्ग दिसत नव्हता. परंतु त्या सौद्यास क्षमेचें नांव देणें हेंही आम्हांस पटत नाहीं. क्षमा ही देणाऱ्याच्या खुशीची वस्तु आहे. दार अडवून मागून घेतली, तर ती खंडणी होते. शिवाय ती क्षमा देण्याचा खरा अधिकार ज्यांचा होता, त्या मृतांच्या आयाबहिणींस कोणी विचारलें नाहीं. खटले टळले म्हणून ती जखम भरली नाहीं. मान्यतेबरोबर ती जखमही पुढच्या पिढीच्या वांट्यास आली. येथें दोष कोणाचा? ज्यानें गरजेपोटीं मोल दिलें त्याचा थोडा. ज्यांनीं नियमांत नसलेलें मोल मागितलें त्यांचा फार. आणि असें मोल मागण्याचें शस्त्र पांच जणांच्या हातीं ठेवणाऱ्या व्यवस्थेचा सर्वांत मोठा.

तरीही शिष्टाईचें फळ मिळालें, हें आम्ही नाकारीत नाहीं. १९७८ सालीं सुरक्षा मंडळाच्या निवडणुकींत याच बांगलादेशानें जपानसारख्या धनाढ्य राष्ट्रास मागें टाकलें. १९८६ सालीं आमसभेचें अध्यक्षपद हुमायून रशीद चौधरी यांच्याकडे आलें. आणि १९५२ मध्यें मातृभाषेसाठीं ढाक्यांत ज्या तरुणांनीं प्राण दिले, त्यांचा २१ फेब्रुवारी हा दिवस १९९९ सालीं युनेस्कोनें साऱ्या जगाचा मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला. मराठी ही ज्यांची मायबोली आहे, त्यांना या एका गोष्टीचा अर्थ वेगळा सांगावयास नको. हजेरीपटावर नांव असल्याखेरीज ती मागणी मांडावयास त्या देशाचा हात वर कसा झाला असता?

हा प्रश्न कांहीं जुन्या इतिहासाचा नाहीं. १८ एप्रिल २०२४ रोजीं पॅलेस्टाइनच्या सभासदत्वास सुरक्षा मंडळांत १२ राष्ट्रांनीं अनुकूल मत दिलें, आणि अमेरिकेच्या एकट्या नकारानें तें अडलें. नांवें बदलतात, अडसर तोच राहतो. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें कीं, दुबळ्यानें दारोदार हिंडून आपली बाजू मांडली तर त्यास हंसूं नका. त्यांत लाज नाहीं. एखाद्या राष्ट्राच्या अर्जाचा विचार करतांना तें आपल्या मित्राचें कीं शत्रूचें, हें बाजूस ठेवून चवथें कलम काय म्हणतें तें आधीं वाचा. आणि उद्यां तुमच्यांपैकीं कोणी एखाद्या सभेंत, मंडळांत वा कचेरींत दाराशीं बसेल, तेव्हां येणाऱ्यापाशीं नियमांत आहे तेवढेंच मागा. त्याहून अधिक मागण्याची शक्ति हातीं असूनही जो मागत नाहीं, त्याच्याच हातीं दाराची किल्ली असावी.