दुखणं केवढं, गोळी केवढी?

आषाढात अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, राजूर-भंडारदऱ्याच्या खाचरांतून भाताची आवणी सुरू होते. दिवसभर चिखलात वाकलेली कंबर संध्याकाळी सरळ होत नाही. मग औषधाच्या दुकानात मागणी होते, ‘शेठ, जरा भारी गोळी द्या.’ शेठ पट्टीतून दोन गोळ्या कातरून देतात. त्या तुकड्यावर बहुधा ना औषधाचं पूर्ण नाव राहतं, ना प्रमाण, ना मुदत.

दुखणं मोठं म्हणून गोळी भारी, हा हिशेबच मुळी चुकीचा आहे. वेदनाशामकाचा गुण एका मर्यादेपुढे फारसा वाढत नाही; उपद्रव मात्र वाढतच राहतो. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेत आयब्युप्रोफेन 200 मिलीग्रॅमने जितक्यांना आराम पडतो, त्याहून थोड्याच अधिक जणांना 400 ने पडतो. प्रमाण दुप्पट केलं म्हणून आराम दुप्पट होत नाही. उलट, 200 आयब्युप्रोफेन आणि 500 पॅरासिटामॉल जोडीने घेतल्यास दोहोंपैकी एकट्या गोळीपेक्षा अधिक जणांना बरं वाटतं.

साध्या दुखण्याला आधी पॅरासिटामॉल पुरेसं. प्रौढ माणसाला एका वेळी 500 ते 1000 मिलीग्रॅम, दोन मात्रांत चार ते सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत 4000 च्या वर कधीच नाही. अंगाने किरकोळ असणाऱ्याने, दारू पिणाऱ्याने किंवा यकृताचा आजार असणाऱ्याने याहून कमीच, तेही डॉक्टरांना विचारून. मेख आहे ती सर्दीच्या गोळीत. तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतंच. सर्दीची एक आणि अंगदुखीची एक, असं म्हणत एकच औषध दोनदा पोटात जातं.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांची गोष्ट अधिक नाजूक. बांधावर कपभर चहा पिऊन घेतलेली गोळी जठराला जखम करू शकते. पाणी कमी प्यालेल्या माणसाच्या मूत्रपिंडावर तिचा ताण पडतो. घरातले आजोबा रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी घेत असतील तर आणखीच. गरोदर बाईने, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने ती परस्पर घेऊच नये. आणि कंबरदुखीबरोबर पाय बधिर झाले, लघवी अडली, तर गोळ्या मोजत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

दुकानदारांकडे माझं मागणं एवढंच, की कातरलेल्या गोळ्यांच्या पुडीवर मराठीत तीन गोष्टी लिहाव्यात: औषधाचं नाव, मिलीग्रॅम आणि किती तासांनी. लिहायला अर्धं मिनिट लागतं. नाही लिहिलं, तर गिऱ्हाइकाने पुडी परत पुढे सरकवावी.