पोराला औषध नको, माहिती हवी

गेल्या खरिपात आमच्या एका गावात चारसूत्री भाताची शेतीशाळा चालू होती. पंचवीस-तीस माणसं आणि त्यात बारावीतला एक पोरगा. हजेरीपट तोच लिहायचा. लावणीच्या दिवशी तो बायांच्या रांगेत उभा राहिला आणि दोरीवर चूड लावण्यात त्यांच्याही पुढे गेला. बांधावरून कोणीतरी "ए बायल्या" अशी हाक मारली. सगळे हसले. मीही हसलो. तालुक्याचा साहेब हसला म्हटल्यावर बाकीच्यांना परवानाच मिळाला.

दिवाळीनंतर पोरगा कॉलेजात जाईनासा झाला आणि एक दिवस मुंबईला निघून गेला. जाताना आईला एवढंच म्हणाला की, मला मुलीशी लग्न करायचं नाही, मी तसा नाही. पुढे वालावर मावा पडला म्हणून मी त्या वाडीत गेलो, तेव्हा ती माउली बांधावर येऊन उभी राहिली. "सायेब, तुमच्याकडं सगल्या रोगावर औषद असतं. माज्या पोराच्या या रोगावर काय हाय का?" मला उत्तर आलं नाही. शाळेत कोणी शिकवलं नव्हतं, कृषी पदविकेतही नव्हतं. घरी येऊन वाचायला घेतलं. जे समजलं ते शेतीच्या पानावर मांडतो आहे, कारण हे पान ज्या घरांत वाचलं जातं त्याच घरांत अशी पोरं वाढत असतात.

पहिली गोष्ट, हा रोगच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने समलिंगी आकर्षण १९९० सालीच रोगांच्या यादीतून काढून टाकलं. ते बरं करून देतो म्हणणारा डॉक्टर व्यावसायिक गैरवर्तन करतो, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं आहे. तेव्हा देवऋषी आणि जडीबुटीवर पैसा घालवू नका. लग्न लावून दिलं की सुटेल, हा तर सगळ्यांत महाग उपाय, त्यात परक्याच्या पोरीचाही जन्म फुकट जातो.

आपण गावात सगळ्यांना एकाच शब्दात मोडीत काढतो. पण ज्याला पुरुष असून पुरुषाचंच किंवा बाई असून बाईचंच आकर्षण वाटतं तो समलिंगी. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झाली पण आतून स्वतःला बाई समजते, किंवा याच्या उलट, ती गोष्ट निराळी. अशांना आपण तृतीयपंथी म्हणतो. आणि बायांच्या रांगेत लावणी करणारा पोरगा यांतला कोणीच नसेल, त्याला फक्त लावणी चांगली येत असेल, हेही शक्य आहे.

"हे शहरातलं फॅड, टीव्हीने आणलं," असं कट्ट्यावर म्हणतात. त्यांना माझं सांगणं, टीव्ही यायच्या आधीची मराठी मासिकं पाहा. मुरुडच्या (दापोलीचं मुरुड, आपलं जंजिऱ्याचं नव्हे) कर्वे घराण्यातल्या रघुनाथ धोंडो कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. वाचक त्यांना जे कोणाला विचारता येत नाही ते विचारायचे आणि ते छापून उत्तर द्यायचे. १९३४ साली अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. समलिंगी संबंधांबद्दलचे प्रश्नही त्यात होते. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील होत नाही, असं त्यांनी कोर्टात मांडलं. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

आता तारखा जुळवून बघा. १९३४ साली आपल्या कुलाबा जिल्ह्यात चरीच्या कुळांचा संप चालू होता. १९३७ साली खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडणारे वकील हेच. सातबाऱ्यावर आज आपलं नाव आहे त्यात त्यांच्या त्या लढ्याचा वाटा आपण मानतो, मग कर्व्यांच्या बाजूने ते का उभे राहिले हेही पोरांना सांगायला नको का?

उलट ज्याला आपण परंपरा समजतो तो गुन्हा इंग्रजांचा. १८६० च्या दंड संहितेतल्या कलम ३७७ खाली समलिंगी संबंध गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना त्यातून वगळलं, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम नाहीच. अशा जोडप्याच्या लग्नाला मात्र न्यायालयाने २०२३ साली मान्यता दिलेली नाही, हेही खरं सांगितलं पाहिजे.

शाळांचं काय? किशोरवयीन शिक्षणाच्या साहित्यावरून २००७ साली राज्यात गदारोळ झाला आणि तो कार्यक्रम थांबला. २०२१ साली एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी पुस्तिका काढली, तीही आक्षेप येताच मागे घेतली गेली. मग पोरं शिकतात कुठून? बांधावरच्या हाकेतून आणि मोबाईलमधून.

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेब (पदनाम बदललं तरी गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं), तुमच्यासाठी दोन गावं सांगतो. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने २०१७ साली तृतीयपंथी सरपंच निवडून दिला. जळगाव तालुक्यात भादली बुद्रुकला अंजली पाटील यांनी महिलांच्या जागेवर भरलेला अर्ज बाद झाला होता. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला आणि त्या निवडूनही आल्या. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तृतीयपंथी व्यक्तीला ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात, म्हणजे आपल्याकडे अलिबागला. अशा व्यक्तीला घरातून वा गावातून हुसकावणं त्याच कायद्याने गुन्हा ठरवला, शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं.

शिक्षकांना मी म्हणेन, पुस्तिकेची वाट पाहू नका. वर्गात 'बायल्या' हा शब्द आला की तिथेच तास थांबवा, कर्व्यांच्या खटल्याची गोष्ट सांगा. फळ्यावर दोन आकडे लिहून ठेवा: अठरा वर्षांखालच्यांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६. दोन्ही फुकट आहेत. बियाण्याच्या प्लॉटमध्ये वेगळं दिसणारं रोप उपटा, असं मी दरवर्षी तुम्हाला शिकवतो. भाताच्या शुद्धतेसाठी ते ठीक आहे. वर्गात तो नियम कोणी लावू नये.

त्या माउलीला मी दुसऱ्या खेपेला जाऊन हे सगळं सांगितलं. हसल्याबद्दल माफीही मागितली. ती म्हणाली, पोरगा फोन करतो, एका दुकानात कामाला आहे. शिमग्याला यायचं म्हणतो, पण गावकीत कोण काय बोलेल ते आधी विचारून घे, असं त्याने आईला सांगून ठेवलंय. तिने अजून कोणाला विचारलेलं नाही.