लेबल साल्साचे, श्रम कोणाचे?

साल्सा हे न्यूयॉर्कचे अपत्य, आणि क्यूबाचे जुने गाणे म्हणजे 1997 साली एका परदेशी ध्वनिमुद्रिकेने मातीतून उकरून काढलेली पुराणवस्तू, असा दुहेरी समज जगभर प्रतिष्ठित झाला आहे. हा समज निरागस नाही. त्याच्या पोटात मालकीचा प्रश्न दडलेला आहे.

‘सोन’ हा गानप्रकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्यूबाच्या पूर्व भागात, सांतियागो व ग्वांतानामोच्या परिसरात वाढला. क्यूबात गुलामगिरी कायद्याने संपली ती 1886 साली; म्हणजे हे गाणे घडविणाऱ्या अनेकांचे आईबाप उसाच्या मळ्यावरील विकत घेतलेले जीव होते. गिटारच्या कुळातले, तीन जोडतारांचे ‘त्रेस’ स्पेनच्या वारशातले. बोंगो आणि सवाल-जबाबाची गायकी आफ्रिकेच्या वारशातली. आणि या साऱ्याला लगाम घालणाऱ्या ‘क्लावे’ म्हणजे लाकडाच्या दोन साध्या दांड्या. वीज नाही, यंत्र नाही, भांडवल तर नाहीच. हवानातील प्रतिष्ठितांना हे काळ्यांचे गाणे असभ्य वाटे. 1920 च्या दशकात अमेरिकन ध्वनिमुद्रण कंपन्यांना त्यात पैसा दिसला आणि तेच गाणे पाहता पाहता राष्ट्रीय ठरले!

‘साल्सा’ म्हणजे सॉस. हा शब्द इग्नासिओ पिन्येइरो यांनी 1930 च्या दशकाच्या आरंभीच आपल्या एका गाण्याच्या शीर्षकात योजला होता. पुढे कांगोतून आणलेल्या गुलामाचे नातू, बालपणीच दृष्टी गमावलेले त्रेसवादक आर्सेनिओ रोद्रिगेस यांनी 1940 च्या सुमारास पियानो, कोंगा व वाढीव ट्रम्पेट घालून वाद्यवृंदाचा जो साचा तयार केला, त्यावरच साल्साची इमारत उभी आहे. रोद्रिगेस 1970 च्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये वारले. 1964 साली न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या फानिया कंपनीची भरभराट त्यानंतरची.

दरम्यान 1962 साली अमेरिकेने क्यूबाची संपूर्ण व्यापारी नाकेबंदी केली. माल निर्माण करणाऱ्याला बाजारबंदी आणि मालाला मात्र मुक्तद्वार, असा हा विलक्षण व्यापार! क्यूबन रचना फानियाच्या तबकड्यांवर गाजत होत्या. रचनाकाराच्या नावाच्या जागी अनेकदा ‘हक्क राखीव’ या अर्थाची दोन अक्षरे असत. हक्क राखीव, पण कोणासाठी?

न्यूयॉर्कच्या पोर्तोरिकन वस्तीतील कलावंतांना चोर ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. विली कोलोन यांच्या ट्रोम्बोनमध्ये त्यांच्या स्वतःच्या गल्लीबोळांचे जगणे होते, आणि त्यांच्यापैकी काहींना मानधनासाठी त्याच कंपनीशी झगडावेही लागले.

राहिली ‘बुएना विस्ता सोशल क्लब’. हे गाणे ‘सापडले’ म्हणे! सांतियागोचे ‘कासा दे ला त्रोवा’ हे गानगृह 1968 पासून चालू होते आणि 1996 चे ते ध्वनिमुद्रणही क्यूबाच्या सरकारी स्टुडिओतच झाले. अर्थात इब्राहिम फेरेर यांच्यासारखा गायक त्या काळी बूटपॉलिश करून पोट का भरत होता, हा प्रश्न डाव्यांनी टाळू नये. क्रांतीने संगीतशाळा मोफत केल्या, वादकांना पगार दिला. पण मार्च 1968 मध्ये उरलेसुरले खाजगी मद्यगृह व रात्रीचे क्लब बंद करून त्याच वादकांचे जुने व्यासपीठही हिरावले. नोकरशाहीला बोलेरोत ऱ्हासशील भूतकाळ ऐकू येत असावा. ही चूक नाकेबंदीच्या खात्यावर टाकता येणार नाही. उलटपक्षी, ही ध्वनिमुद्रिका घडविणारे अमेरिकन वादक राय कूडर यांना त्यांच्याच सरकारने क्यूबाशी व्यवहार केल्याबद्दल दंड केला, हेही विसरता येत नाही.

मूळ हिशेब तसाच आहे. जुन्या क्यूबन गाण्यांच्या मालकीवरून एका अमेरिकन प्रकाशकाचा आणि क्यूबाच्या सरकारी संगीतसंस्थेचा वाद लंडनच्या उच्च न्यायालयात गेला. हे हक्क नाममात्र रकमेवर लिहून घेतले गेले, असे क्यूबाच्या बाजूचे म्हणणे होते. वयोवृद्ध साक्षीदारांची जबानी घेण्यासाठी 2005 साली न्यायाधीशांना हवानाला जावे लागले.